कुणाला शाळा मिळाली? मुंबईच्या वाटेने आलेली युद्धाची मुलं

हेलन म्हटलं की आपल्याला गाणं आठवतं, पिसांचा टोप आठवतो, धुरकट क्लबातला तो जिना आठवतो. ही बाई युद्धातून जीव वाचवून मुंबईत आली होती, हे मात्र क्वचितच कुणाच्या लक्षात असतं. जन्म १९३८चा, रंगूनचा. आई ब्रह्मी. जपानी फौजांनी ब्रह्मदेश घेतला, घरातला कर्ता पुरुष युद्धात गेला आणि गरोदर आई पोरांना घेऊन जंगलातून आसामच्या दिशेने पायी निघाली. वाटेत गावकऱ्यांनी दिलं ते खाल्लं. आईचा गर्भ वाटेतच गेला. आसाममध्ये पोहोचेपर्यंत मायलेकींच्या अंगावर हाडंच उरली होती. पुढे कलकत्त्यात देवीच्या आजाराने भाऊ दगावला. उरलेलं कुटुंब मुंबईला आलं. आई नर्स म्हणून कामाला लागली, पण त्या पगारात घर भागेना. मुलीची शाळा सुटली. कुक्कू या त्या काळातल्या नावाजलेल्या नर्तकीने तिला सिनेमातल्या घोळक्यात उभं केलं आणि १९५१च्या ‘शबिस्तान’, ‘आवारा’मध्ये ती मागच्या रांगेत नाचली. १९५८च्या ‘हावडा ब्रिज’ने तिला नाव दिलं. तेव्हा ती विशीतही नव्हती.

आता त्याच युद्धातली दुसरी मुलं बघा. एप्रिल १९४२मध्ये पोलंडच्या अनाथ मुलांची पहिली तुकडी मुंबईत येऊन वांद्र्याला उतरली. ही मुलंही उपाशी, तापाने फणफणलेली. त्यांचेही आईबाप वाटेत गेलेले किंवा हरवलेले. पण या मुलांना पुढच्या सहा वर्षांत स्वतःच्या भाषेत शाळा मिळाली, बालवीर पथकं मिळाली, नाटक मिळालं, दवाखाना मिळाला. फरक मुलांच्या जिद्दीत नव्हता. एका मुलीच्या मागे कुणीच नव्हतं आणि दुसऱ्यांच्या मागे, परागंदा का होईना, एक सरकार होतं.

युद्धातून निसटलेली मुलं मुंबईत आणि महाराष्ट्रात कशी जगली, कशी रुजली, याचा आढावा घ्यायला बसलं की हाच फरक फिरून फिरून समोर येतो. जीव वाचणं बव्हंशी नशिबाचा भाग. त्यानंतर मूल कसं उभं राहतं, हे त्याला शाळा मिळते की नाही आणि त्या शाळेचा खर्च कोण उचलतं यावर ठरतं. दया, सहानुभूती, मोठं मन वगैरे गोष्टींचं आपल्याकडे जरा जास्तच कौतुक होतं, असं माझं मत आहे.

ब्रह्मदेशचं आधी संपवू, कारण त्याबद्दल मराठीत फारच थोडं लिहिलं गेलंय. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आणि ‘गीतारहस्य’ आठवतं, रत्नागिरी म्हटलं की थिबा राजा. १८८५च्या युद्धानंतर इंग्रजांनी थिबाला पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवलं, तिथेच तो १९१६ साली वारला. त्याच्या मुलींना धड शिक्षण मिळालं नाही. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, गरिबीतच जगली. राजाच्या नातीची ही कथा, मग १९४२मध्ये पायी निघालेल्या हमालाच्या पोराला कोण विचारणार? २३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर बॉम्ब पडले आणि पुढच्या काही महिन्यांत चार-पाच लाख हिंदी माणसं भारताकडे निघाली. कुणी आराकानातून, कुणी तामू-इम्फाळ-दिमापूरच्या रस्त्याने, कुणी हुकाँगच्या खोऱ्यातून लेडोकडे. वाटेत पटकी, हिवताप आणि उपासमारीने हजारो मेले. बऱ्या रस्त्यावर, बऱ्या तळांवर गोऱ्यांना आधी जागा, बाकीच्यांनी आपलं बघावं, असा प्रकार होता. जी पोरं इकडे पोहोचली ती नातेवाइकांच्या गावी पांगली. एका जागी राहिली नाहीत, म्हणून त्यांची नोंद राहिली नाही, आणि त्यांच्यावर स्मारकही नाही.

मुंबईच तेव्हा घाबरलेली होती. जपानी बॉम्बच्या धास्तीने गिरगाव-परळातली कितीतरी कुटुंबं बायकामुलांना कोकणात धाडून मोकळी झाली होती. बॉम्ब आले नाहीत. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळा भरलेलं जहाज फुटलं आणि गोदीलगतच्या वस्तीतले हजारो लोक आपल्याच शहरात बेघर झाले. एवढ्या गडबडीत बाहेरून आलेल्या मुलांकडे शहराचं लक्ष जाणं कठीणच होतं.

पोलिश मुलांची हकीकत मात्र तपशिलाने सांगण्यासारखी आहे. १७ सप्टेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. फेब्रुवारी १९४०पासून तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलं गेलं. जून १९४१मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, मॉस्कोला दोस्तांची गरज पडली आणि जुलैअखेरच्या करारानंतर या कैद्यांना सुटका मिळाली. जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यामागून बायका-मुलं दक्षिणेकडे सरकू लागली. बरीचशी कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. अनाथांची एक तुकडी मात्र अश्गाबादहून मशहदमार्गे ट्रकने बलुचिस्तानच्या सरहद्दीपर्यंत आणि तिथून रेल्वेने मुंबईपर्यंत आली. सोबत हांका ओर्दोनुव्ना होती, वॉर्साच्या रंगभूमीवरची लाडकी गायिका. क्षयाने पोखरलेल्या या बाईने पुढे या मुलांवर टोपणनावाने पुस्तक लिहिलं. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत होते एउगेनिउश बानासिन्स्की. त्यांच्या पत्नी किरा यांनी वांद्र्यात मुलांची व्यवस्था लावली. युद्धानंतर किराबाई पोलंडला परतल्या नाहीत, भारतातच राहिल्या.

वांद्र्याचा मुक्काम थोडक्या महिन्यांचा. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात बालाचडीला समुद्राकाठी जागा दिली आणि १९४२च्या उन्हाळ्यानंतर मुलं तिकडे गेली. जामसाहेबांचं नाव आज वॉर्सातल्या एका चौकाला आणि एका शाळेला आहे. पण आकड्यांनी बघितलं तर मोठं काम झालं आपल्या कोल्हापुरात. शहरापासून काही किलोमीटरवर वळिवड्याला १९४३मध्ये छावणी उभी राहिली आणि तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहू लागली. बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष एकतर अँडर्सच्या सैन्यात होते किंवा सैबेरियात मातीला मिळाले होते.

‘छावणी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर तंबू येतात. वळिवडं तसं नव्हतं. कौलारू बराकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला त्यातला आपापला भाग, पुढे पडवी, आणि पडवीपुढे बायकांनी हट्टाने लावलेली फुलझाडं. प्राथमिक शाळा, त्यापुढे माध्यमिक, चर्च, दवाखाना, सिनेमा. मुलांचे दिवस घंटेवर चालत. उन्हात टोपी घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, पाणी उकळूनच प्यायचं, गवतात जपून पाय टाकायचा. सैबेरियाच्या बर्फातून आलेल्या पोरांना साप आणि कोल्हापूरचा पाऊस या दोन्ही गोष्टी नव्या होत्या. बालवीरांची पथकं पन्हाळ्यावर मुक्कामाला जात. प्रकृतीने खालावलेल्यांना पाचगणीच्या हवेत पाठवत. आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, शिंपी रोज छावणीत यायचे आणि धंद्यापुरतं पोलिश बोलायला शिकले. पोलिश मुलांना मराठीची एवढी गरज पडली नाही.

यावर आक्षेप घेता येतो. पाच वर्षं कोल्हापूरच्या वेशीवर राहून मराठी न शिकणं, हे काय जुळवून घेणं झालं? माझं मत उलट आहे. ज्या मुलाचं घर, बाप, गाव आणि कधीकधी आईसुद्धा दोन वर्षांत नाहीशी झाली, त्याच्या हातात पहिल्यांदा आपल्या भाषेतलं पुस्तक ठेवणं हाच खरा उपचार होता. आपल्यासारखीच माणसं गेलेल्या शंभर मुलांबरोबर एका बाकावर बसलं की आपल्या दुःखाला निदान सोबत मिळते. छावणी चालवणाऱ्यांना हे मानसशास्त्र ठाऊक होतं म्हणून त्यांनी तसं केलं, असंही नाही. त्यांना मुलांना पोलंडला परत न्यायचं होतं, म्हणून पोलिश शाळा काढल्या. कारण राजकीय होतं, फायदा मुलांचा झाला.

आणि शेवटी परत जायला पोलंड उरलाच नाही. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला तिघा बड्यांनी सरहद्द सरकवली. ज्या पूर्वेकडच्या गावांतून ही मुलं आली होती ती गावं सोव्हिएत संघात गेली. ५ जुलै १९४५ला ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या ज्या परागंदा पोलिश सरकारच्या पैशावर वळिवडं चालत होतं ते एका दिवसात बेवारस झालं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेने खर्च उचलला. १९४६मध्ये बालाचडी बंद होऊन तिथली मुलंही इकडे आली, आणि १९४८च्या सुरुवातीला वळिवडंही रिकामं झालं. थोडी माणसं पोलंडला गेली, बाकीची इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. एका पोलिश तरुणीने मात्र कोल्हापूरच्या मुलाशी लग्न केलं, मराठी नाव घेतलं आणि जन्मभर तिथे संसार केला. जे गेले त्यांना नव्या देशात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, पण यावेळी त्यांच्याजवळ शाळेचा दाखला होता. लंडनमध्ये त्यांनी ‘भारतातले पोल’ म्हणून संघटना काढली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला. आठवणी लिहितात ते निभावून गेलेले, हेही वाचताना ध्यानात ठेवावं.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, सप्टेंबर २०१९मध्ये वळिवड्यालाही स्तंभ उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली. अभिमान वाटावा असंच हे आहे. फक्त युद्धाच्या त्याच वर्षांत ब्रह्मदेशातून आलेल्या आपल्याच मुलांची यादीसुद्धा कुणाकडे नाही, हे त्या अभिमानाला चिकटून राहतं.

याच्या आधी, १९३३पासून, जर्मनी-ऑस्ट्रियातून निसटलेले ज्यू मुंबईत येत होते. १९३४ला इथे ज्यू मदत संघ स्थापन झाला. यातली बहुतेक मंडळी मुलं नव्हती, पंचविशी-तिशीतली होती आणि हातात कला होती. वॉल्टर कौफमान १९३४मध्ये आला, मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख झाला. पहाटे रेडिओ लावल्यावर जी आकाशवाणीची धून आपल्या दोन पिढ्यांनी ऐकली ती त्याच्या नावावर आहे. रुडॉल्फ फॉन लायडन आणि वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात होते. एमॅन्युएल श्लेसिंगरसारख्या संग्राहकाबरोबर त्यांनी हुसेन, रझा, आरा या तरुण चित्रकारांची पाठराखण केली. तरीही १९३९ला युद्ध पुकारलं गेल्यावर हिटलरपासून पळालेल्या या लोकांपैकी काहींना जर्मन नागरिक म्हणजे शत्रू, असं ठरवून सातारा आणि पुरंदरच्या छावण्यांत डांबलं. पासपोर्टावरचा शिक्का त्यांच्याआधी पोहोचला होता. अनिता देसाईंच्या ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ या कादंबरीचा नायक याच जातकुळीचा. तो मुंबईत वर्षानुवर्षं राहतो आणि कुठलाच होत नाही.

फाळणीची मुलं या सगळ्यांहून वेगळी. फाळणी हे युद्ध नव्हतं असं म्हणणाऱ्याने त्या वर्षीच्या आगगाड्या आठवाव्यात. सिंधमधून लोंढा आला तो मुख्यतः ६ जानेवारी १९४८च्या कराचीच्या दंगलीनंतर, आणि आला बोटींनी. मुंबईच्या धक्क्यावर उतरायचं, नाव लिहायचं आणि कल्याणच्या रिकाम्या लष्करी बराकींत जायचं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या छावणीचं उल्हासनगर केलं. मुंबई आधीच तुडुंब होती. १९४१ ते १९५१ या दशकात बृहन्मुंबईची वस्ती सुमारे १८ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत पाळ्या लावून गिरणी कामगार झोपत होते. तिथे निर्वासितांचं स्वागत व्हावं अशी अपेक्षाच चुकीची. सरकारनेही १९४८मध्ये निर्वासितांना जाचक वाटणारा कायदा केला. त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं ते शिकारपूरहून कराचीमार्गे आलेल्या, छावणीत दिवस काढलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या वकिलाने. त्याचं नाव राम जेठमलानी.

जेठमलानींकडे सनद होती. छावणीतल्या दहा वर्षांच्या पोराकडे काय होतं? लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं, कंगवे, पेनं विकणारी सिंधी मुलं ही त्या काळच्या मुंबईकरांची नेहमीची आठवण. उल्हासनगरच्या मालावरचं ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपण मराठी माणसांनी चवीने सांगितला. त्या विनोदातला माल घरात बसून कोण पॅक करत होतं, हे विचारायचं राहून गेलं.

पण या समाजाने एक गोष्ट विलक्षण लवकर ओळखली. डोक्यावर धड छप्पर नसताना त्यांनी कॉलेजं काढली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातल्या प्राध्यापकांनी १९४८ला चर्चगेटला जयहिंद कॉलेज सुरू केलं. हैदराबाद-सिंधच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ला वांद्र्यात नॅशनल कॉलेज, आणि त्यांच्याच मंडळाने १९५४ला के. सी. कॉलेज उभं केलं. पोलिश मुलांना जे सरकारने दिलं ते इथे मास्तरांनी दिलं. किंमत मोजावी लागली ती भाषेची. सिंधी भाषेला राज्य नाही, घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला तोही १९६७मध्ये. शिक्षण इंग्रजीतून, धंदा हिंदी-मराठीतून, आणि तिसऱ्या पिढीला आजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. वळिवड्यातल्या मुलांनी भाषा राखली कारण परत जायचं होतं. सिंधी मुलांना परत जायचं नाही हे पहिल्या दिवसापासून कळलं होतं, म्हणून ती मिसळली. दोन्ही शहाणपणाचेच मार्ग होते.

पंजाबकडचे निर्वासित शहराच्या आतच, शीवच्या कोळीवाड्यात बसले. हार्बर मार्गावरच्या ज्या स्टेशनला आज गुरू तेगबहादूर नगर म्हणतात ते पूर्वी कोळीवाडाच होतं. बाजूला निर्वासितांसाठी बांधलेल्या २५ इमारती. ‘पंजाबी कॅम्प’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. इथल्या ढाब्यांत कोळ्यांची कोळंबी पंजाबी ओव्याच्या बेसनात बुडाली आणि ‘प्रॉन्स कोळीवाडा’ जन्मला, असं सांगितलं जातं. खरं असो वा नसो, पटण्यासारखं आहे. त्या इमारती जीर्ण होऊन गेल्या काही वर्षांत धोकादायक ठरल्या आणि निर्वासितांच्या नातवंडांना पुन्हा भाड्याची घरं शोधावी लागली.

शिक्षण सुटलेल्यांतही कुणी वर येतो. झेलमजवळच्या दीना गावचा, दिल्लीत वाढलेला एक सरदार मुलगा मुंबईत बेलासिस रोडवरच्या विचारे मोटर्समध्ये अपघाताच्या गाड्यांना रंग लावायचा आणि उरलेल्या वेळात वाचायचा. तो गुलजार झाला. अशी उदाहरणं आपण फार सांगतो. गॅरेजमध्येच राहिलेल्यांची कुणी सांगत नाही, आणि ते संख्येने जास्त होते.

वळिवड्याच्या बराकी पोलिश गेल्यावर पडून राहिल्या नाहीत. तिथे सिंधी निर्वासित आले, वस्तीचं नाव गांधीनगर पडलं आणि आज ती दक्षिण महाराष्ट्रातली कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला जाणाऱ्या मंडळींना तिथे कधी पोलिश शाळा होती, हे दुकानदारानेच सांगितलं तर कळतं.

मागे सरकार असलं की शाळा मिळते, हीच गोष्ट पुढच्या काळात तिबेट्यांच्या बाबतीत दिसली. १९५९नंतर आलेल्या तिबेटी मुलांसाठी नेहरूंच्या सरकारने १९६१पासून वेगळ्या शाळांची व्यवस्था केली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२पासून त्यांची वसाहत आहे. दिल्लीने मनावर घेतलं तर काय होतं, त्याचा तो नमुना. पण मनावर घ्यावं लागतं, कारण कायदा नाही. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि परदेशातून आलेलं प्रत्येक मूल सरकारदप्तरी आधी ‘परदेशी’ असतं. पोलिशांना जागा मिळाली, तिबेट्यांना मिळाली, रोहिंग्यांना हाकलण्याची भाषा होते. दर वेळी निर्णय त्या वेळच्या राजकारणाचा.

मुंबईत आज अशी मुलं किती, हा वाद बाजूला ठेवू. आपल्या हातातलं बघू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यात ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं मूल, एवढंच म्हटलं आहे. त्या व्याख्येत ‘नागरिक’ हा शब्द नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल मागे पडलं असेल तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घेऊन वेगळी शिकवणी द्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये सांगितलं, की मुलांनी थेट सरकारी शाळेकडे जावं आणि नाकारलं तर उच्च न्यायालय आहेच. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. इतकी तयारी देशातल्या फार थोड्या शहरांकडे असेल. तेव्हा परळ-दादरच्या एखाद्या मुख्याध्यापकांपुढे उद्या कागद नसलेलं, भाषा न कळणारं मूल उभं राहिलं, तर त्यांनी आधार कार्ड मागण्याआधी त्याचं नाव पटावर लिहावं. त्याला नव्या कायद्याची किंवा मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.